ठकीला केसाचा गोळा झालाच नव्हता

आधी एक कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढे मी ज्यांच्यावर तोंडसुख घेणार आहे त्यांना बोलायला जागा राहणार नाही. "केसाचा गोळा असंल," हे सगळ्यात पहिल्यांदा मीच म्हणाले होते. मग माझा नवरा म्हणाला, मग शेजारच्या गाळ्यावरची लता म्हणाली, मग डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांनी म्हटल्यावर ते कागदावर उतरलं आणि खरं होऊन बसलं. पाच दिवस माझी मांजर मरणाच्या वाटेवर होती आणि आम्ही सगळी शहाणी माणसं केसाचा गोळा पडायची वाट बघत होतो.

हे लिहायला बसले ते राग आला म्हणून. ठकी आता बरी आहे, खाते, पिते, माझ्या साडीवर लोळते. राग मात्र गेलेला नाही. कुणाच्या घरात मांजर असेल आणि त्यांच्या कामाला यातलं काही आलं, तर रागाचं चीज झालं म्हणेन.

ठकी कुठून आली

आम्ही कार्ल्याचे. देवीच्या गडाच्या पायथ्याला, पायऱ्या सुरू होतात तिथे माझं हार-नारळाचं दुकान आहे. नवरा, रामदास, खंडाळ्याला एका बंगल्यावर माळी आहे. बंगल्याचे मालक सुट्टीला यायचे तेव्हा सोबत एक पांढरीशुभ्र, लांब केसांची मांजर आणायचे. एकदा जाताना ते म्हणाले, "या वेळी हिला इथंच राहू दे, हिला इथली हवा मानवते." त्यानंतर मालक दोनदा येऊन गेले. मांजर कुठे आहे, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. जिवंत प्राणी आहे की जुना सोफा, असं मला तेव्हाही वाटलं होतं. शेवटी रामदासनं तिला फुलांच्या पाटीत घालून घरी आणलं. तिचं इंग्रजी नाव आमच्या घरात कुणालाच धड घेता येईना. ती ठकी झाली.

ठकीला माझ्या पायापाशी बसायला आवडतं. मी हार गुंफते तेव्हा दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवते आणि दुसरं हातात घेते. आमच्याकडे सगळ्याच बायका असंच करतात. माझा पाय हलला की दोरा हलायचा आणि ठकी त्यावर झडप घालायची. गिऱ्हाइकं हसायची, मोबाइलवर काढून घ्यायची. मलाही कौतुक वाटायचं. काय कौतुक होतं ते आता कळतंय.

आम्हाला सगळं माहीत होतं

केसाचा गोळा म्हणजे काय हे मला शिकवायची गरज नव्हती. लांब केसांची मांजर दिवसभर अंग चाटते, केस पोटात जातात. दोन-तीन महिन्यांतून एकदा ठकी मान लांब करायची, पोट आत ओढून खाक्‌ खाक्‌ करायची आणि समईच्या जाड वातीसारखं ओलं, भुरकट काहीतरी जमिनीवर टाकायची. टाकलं की दुसऱ्या मिनिटाला वाटीपाशी हजर. त्यामुळे नवरात्रात, तिसऱ्या माळेला, ती खाक्‌ खाक्‌ करायला लागली तेव्हा मी मान वर करूनही बघितलं नाही. समोर रांग लागलेली, हातात शेवंती, आणि गिऱ्हाईक म्हणतंय, "ताई, लवकर."

पण या वेळी गोळा पडला नाही. नुसता फेस पडला, मग पिवळं पाणी. चौथ्या माळेला तिनं मासळीच्या तुकड्याला तोंड लावलं नाही. मी बोटाला साजूक तूप लावून तिच्या जिभेवर फिरवलं. दोन हात लांब जाऊन तिनं ते ओकून टाकलं. मग ती पिठाच्या डब्यामागं जाऊन बसली आणि पंजानं सारखं तोंड पुसायला लागली.

"तोंडाशी काय करती वो ती?" मी रामदासला विचारलं.

"केस अडाकला आसंल," तो म्हणाला. "बंगल्यातलं नाजूक जनावर हाये. पडंल गोळा."

लता तर त्याच्याही पुढची. "एवढं काय तिचं? मांजरं काय कमी हायेत व्हय पायथ्याला? ही गेली तर धा येत्याल."

हेच मला कळत नाही. माझं पोर तापानं फणफणलं असतं तर कुणी म्हटलं असतं का, दुसरं होईल म्हणून? जनावराचं म्हटलं की माणसांच्या जिभेला हाड राहत नाही. तेव्हा मी नुसती हार गुंफत राहिले. त्याचीही आता चीड येते.

पाचवी आणि सहावी माळ

पाचव्या माळेला दुकान लतावर सोपवून मी ठकीला हायवेलगतच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर जुने आहेत, गाईम्हशी आणि बंगल्यांतले कुत्रे तपासतात. टेबलावर ठेवल्यावर त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, हाताला आलेले केस फुंकून उडवले आणि म्हणाले, "बघा. एवढे केस. सीझन आहे गळायचा. केसाचा गोळा असेल."

"डॉक्टर, ती तोंडाला सारखा पंजा लावती," मी म्हणाले.

"मळमळतं त्यांना, म्हणून करतात." त्यांनी एक इंजेक्शन दिलं, एक मलईसारखी पेस्ट दिली. "ही चाटवा दिवसातनं दोनदा. गोळा सरकेल."

तपासणी तेवढीच. बाहेर एक मोठी गाडी उभी होती, त्यातल्या कुत्र्याला लस द्यायची होती.

सहाव्या माळेला मी पुन्हा गेले, कारण ठकीनं आता पाणीही सोडलं होतं आणि तिची शी झाली नव्हती. या वेळी डॉक्टरांनी तिला पिशवीतून बाहेरही काढायला लावलं नाही. "अहो, पेस्ट चालू ठेवा की. तीन दिवस तरी थांबा. एवढं घाबरायचं नसतं मांजराला."

मी घरी आले. नवरात्र, दारात गर्दी, आणि डॉक्टरांनी सांगितलंय थांबा. शिकलेल्या माणसानं थांब म्हटलं की आपण थांबतो. मी बारावी शिकलेली आहे, दुकान चालवते, गिऱ्हाइकाला दोन गोष्टी सुनावते. त्या टेबलापुढे मात्र 'बरं' म्हणून पिशवी उचलली.

नारू

सातव्या माळेच्या सकाळी ठकीच्या शेपटीखाली मला दोरा दिसला. बोटभर लांब, पिवळट. मी ओरडलेच. रामदास कामावर निघाला होता तो परत फिरला, आणि सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, काठी टेकत मागच्या खोलीतून आल्या.

आत्यांचं आणि ठकीचं कधी जमलं नाही. पण मांजर घरात मरणं त्यांना फार मोठं पाप वाटतं. त्यांनी वाकून दोरा बघितला आणि एकदम त्यांच्या चेहऱ्यावर आलं की हे आपल्याला येतं.

"ह्यो तर नारूसारखाच की," त्या म्हणाल्या. "आमच्या लहानपणी लोकान्ला नारू व्हायचा, पायातनं दोऱ्यावानी किडा भाइर यायचा. त्यो वडायचा न्हाई. काडीवर गुंडाळायचा, रोज थोडा थोडा. माज्या बापाचा म्याच काढला हुता. आगपेटीची काडी आण."

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मला बरं वाटलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी करण्यासारखं काही सांगत होतं. रामदासनं ठकीला धरलं. आत्यांची बोटं थरथरतात म्हणून काडी मी घेतली. दोऱ्याचं टोक काडीवर धरलं आणि हळूहळू, अगदी हळूहळू, दोन वेढे दिले.

ठकी जी किंचाळली तसा आवाज मी आजपर्यंत मांजराच्या तोंडून ऐकलेला नाही. तिनं रामदासचा हात मनगटापर्यंत ओरबाडला. मी काडी टाकून दिली. तिनं तोंड उघडलं होतं तेव्हा मला जिभेखाली काहीतरी पिवळं दिसलं, एका क्षणापुरतं.

"अवो, तोंडातपण हाये," मी म्हणाले. "दोरा तोंडातपण हाये."

रामदासनं बंगल्यावर फोन करून येत नाही म्हणून सांगितलं आणि शेजारच्याची रिक्षा आणली. तळेगावच्या बाजूला एक डॉक्टरबाई फक्त कुत्र्यामांजरांचं बघतात, हे त्याला बंगल्यावर कळलेलं होतं. "हे आधी का न्हाई सांगितलं?" मी रिक्षात त्याला विचारलं. तो रक्ताळलेल्या हाताकडे बघत म्हणाला, "एका मांजरासाठी एवढं लांब कोन जातं, आसं वाटलं." त्या वाक्यावर मी तोंड फिरवलं ते वडगाव येईपर्यंत.

जिभेखाली

डॉक्टरबाईंनी ठकीला टेबलावर घेतलं आणि पहिली गोष्ट काय केली असेल? तोंड उघडलं. अंगठ्यानं हनुवटीखालून जीभ वर उचलली, टॉर्च मारला आणि म्हणाल्या, "हा बघा." सगळं मिळून पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ लागला. पाच दिवस ज्या गोष्टीसाठी माझी मांजर तडफडली, ती बघायला एवढाच वेळ लागला. मी तिथे उभ्या उभ्या रडायला लागले, आणि ते दुःखानं नव्हतं. माझ्या अंगाची लाही लाही होत होती.

जिभेच्या मुळाशी दोऱ्याचा फास बसला होता. मांस कापून तो आत रुतला होता. मी काडीची गोष्ट सांगितली तेव्हा बाईंचा चेहरा बदलला, पण त्या ओरडल्या नाहीत.

"परकराच्या नेफ्यातली नाडी ओढली की कापड कसं गोळा होतं?" त्या म्हणाल्या. "दोरा वर जिभेला अडकलाय. आतडं तो खाली ढकलायला बघतं आणि स्वतःच त्याच्यावर चुण्या पडत वर चढतं. त्यात खालून ओढलं की दोरा आतडं कापतो. दोरा दिसला तर कधी ओढायचा नाही. कापायचाही नाही. तसाच घेऊन यायचं."

"मी दोन वेढे दिले," मी म्हणाले.

"बघू किती झालंय. पोट उघडावं लागेल, आणि आत्ताच."

"वाचंल का?" हे रामदासनं विचारलं.

"आतडं फाटलेलं नसेल तर आशा आहे. मला आत बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

मी कागदावर सही केली. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. समोर एक गृहस्थ पोपट घेऊन बसले होते, त्यांनी काय झालं विचारलं. रामदास म्हणाला, "दोरा गिळला." गृहस्थ म्हणाले, "मला वाटलं केसाचा गोळा. मांजरांना तेच होतं ना?" मी त्यांच्याकडे असं बघितलं असेल की ते पोपट घेऊन दुसऱ्या बाकावर गेले.

दुपार उलटल्यावर बाई बाहेर आल्या. आतड्याला तीन ठिकाणी छेद देऊन दोरा तुकड्या-तुकड्यानं काढावा लागला होता. एका जागी आतडं काळंनिळं पडलं होतं, पण फाटलं नव्हतं. त्यांनी एका पसरट भांड्यात दोरा दाखवला. माझ्या हातापेक्षा लांब भरला असता. मध्ये एक गाठ होती, दुहेरी, डावीकडून उजवीकडे मारलेली. पायथ्याला अशी गाठ मी एकटी मारते. माझ्या आईची गाठ आहे ती.

रामदासनंही गाठ ओळखली होती.

पिंजऱ्यातले दिवस

"तिसऱ्यापासून पाचव्या दिवसापर्यंत धोका असतो," बाईंनी सांगितलं होतं. "टाके सुटले तर तेव्हाच सुटतात." तिसरा दिवस नेमका दसऱ्याचा आला. आमच्या धंद्यात दसरा म्हणजे काय ते सांगायला नको. झेंडूचे ढीग पडलेले, आणि मी तळेगावला एका पिंजऱ्यासमोर स्टुलावर. लतानं फोन करून सांगितलं, "लोक हसत्यात बरं का. देवीचे दिवस सोडून मांजरीची सेवा चाललीया म्हनं." मी म्हणाले, "हसू दे. हसून झालं की त्यांना हार वीक." आणि फोन ठेवला.

दवाखान्याची शिस्त अशी: सकाळी साफसफाई, मग सलाइन, मग ताप बघणं, मग दोन तास भेटायला परवानगी. ठकीच्या गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं होतं. पुढच्या एका पायाचे केस काढून सुई लावलेली, पोट भादरून गुलाबी केलेलं. एवढी केसाळ मांजर अर्धी राहिली होती. बाजूच्या पिंजऱ्यातला कुत्रा अखंड भुंकत होता आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिथल्या सुमन मावशी सलाइनच्या रिकाम्या बाटलीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळायच्या आणि तिच्या पाठीशी ठेवायच्या. त्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. "पोटावर शिवण आसली की लय थंडी वाजती," त्या म्हणाल्या, "माजं दोनदा झालंया."

दसऱ्याला ठकीला ताप चढला. बाईंनी पोट हळूच दाबून बघितलं, औषध बदललं आणि "संध्याकाळपर्यंत बघू" म्हणाल्या. त्या दिवशी मी सगळ्यांवर रागावून घेतलं. बंगल्याच्या मालकांवर, डॉक्टरांवर, लतावर, नवऱ्यावर. आणि प्रत्येक वेळी फिरून त्या गाठीपाशी यायचे. तिच्यासमोर रोज दोरा नाचवला तो मी. तुटलेली टोकं खाली टाकली ती मी. काडीला वेढे दिले ते मी. ही मांजर गेली असती तर मी पुन्हा दोरा हातात धरू शकले असते की नाही, मला माहीत नाही.

विचारायचं म्हणून बाईंना विचारलं, "पण तिनं गिळला कशाला? थुंकून टाकायचा."

"तिला थुंकता येत नाही," बाई म्हणाल्या. "मांजराच्या जिभेवर बारीक काटे असतात आणि ते सगळे आतल्या दिशेला वळलेले. केस असो नाहीतर दोरा, जिभेवर चढलेली गोष्ट आतच जाते." मग त्यांनी आणखी सांगितलं, ते इथं लिहून ठेवते. अधूनमधून केसाचा गोळा पडला आणि मांजर लगेच खायला लागली, तर काळजी नाही. वरचेवर पडायला लागला तर तोही आजाराचाच निरोप: अंगाला खाज असेल, पिसवा असतील, आतडं नीट चालत नसेल, किंवा जीव कशानं तरी घाबरला असेल म्हणून ती जास्त चाटत असेल. नुसतंच खाक्‌ खाक्‌ होतंय आणि काहीच पडत नाही, तर ते पोटाचं नसून छातीचंही असू शकतं. आणि खाणं सुटलं, शी थांबली, तोंडातून लाळ गळतेय, मांजर कोपऱ्यात जाऊन बसलीय, तर तूप, पेस्ट, गवत काही करत बसायचं नाही. त्याच दिवशी उचलून न्यायची.

संध्याकाळी ताप उतरला. चौथ्या दिवशी सुमन मावशींनी उकडलेल्या कोंबडीचं पाणी बशीत ठेवलं. ठकीनं नरसाळ्यातून नाक बाहेर काढलं, वास घेतला आणि बशी चाटून कोरडी केली. मग माझ्याकडे बघून नेहमीसारखी रागानं ओरडली, आणखी हवं म्हणून. सुमन मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. मी तिथल्या फरशीवर बसकण मारली.

सहाव्या दिवशी आम्ही तिला घरी आणलं. आत्या दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. तो त्यांनी पिशवीवरून ओवाळून टाकला. नारूचं नाव त्यांनी परत काढलं नाही. मात्र त्या दिवसापासून रोज दुकान बंद करायच्या वेळी त्या गाळ्यात येतात, काठी बाजूला ठेवून खाली बसतात आणि जमिनीवरून दोऱ्याची टोकं वेचून डब्यात भरतात. त्यांना दिसत नाहीत ती हातानं चाचपून काढतात.

टाके

टाके काढायला मी तळेगावला जाणार होते. ऐन वेळी विचार बदलला. ठकीला पिशवीत घातलं आणि हायवेलगतच्या त्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी मला ओळखलं. "काय, पडला का गोळा?"

मी पिशवीतून ठकीला काढून टेबलावर ठेवली आणि तिचं पोट वर केलं. वीतभर शिवण होती. मी त्यांना सगळं सांगितलं, काडीसकट. दाराशी दोन माणसं कुत्री घेऊन उभी होती, त्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.

"हं," डॉक्टर म्हणाले. "असं होतं कधी कधी. पण बाई, दोरा तर तुमचाच होता ना?"

पंधरा दिवसांपूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर मी तोंड लपवून बाहेर पडले असते.

"माझाच होता," मी म्हणाले. "गाठपण माझीच होती. वेढे मी दिले, त्याचं काय ते मी भोगते. पण तोंड उघडून बघायचं काम तुमचं होतं. मी दोनदा सांगितलं होतं की ती तोंडाला पंजा लावती म्हणून."

"एकदा सांगितलं होतं."

"दुसऱ्या वेळी तुम्ही तिला पिशवीतनं काढूच दिली नाही."

दाराशी उभ्या असलेल्यांपैकी एकजण खाकरला. डॉक्टरांनी कात्री उचलली, टाके काढायला वाकले.

"आधी तोंड," मी म्हणाले.

"आता कशाला? आता तर बरी आहे."

"बघा. जिभेखालची जखम भरली का ते मला कळू दे. आणि तुम्हालाही कळू दे, किती वेळ लागतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, कात्री खाली ठेवली आणि ड्रॉवरमधून टॉर्च काढला. अंगठा हनुवटीखाली घालून त्यांनी ठकीची जीभ वर उचलली आणि वाकून बघितलं. पाणी प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला.

"भरलीय," ते हळू आवाजात म्हणाले.

तेवढ्यात ठकीनं त्यांच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. तिची रेबीजची लस झालेली आहे. ते मी त्यांना सांगितलं, पण जरा सावकाश.